राजाच्या बाजूचं गाव

कॅनडाहून आल्यापासून जो भेटतो तो नायगाराचं विचारतो. नायगारा पाहिला. पाणी पुष्कळ आहे, भिजायला होतं, आणि खाली उतरायला तिकीट पडतं. यापलीकडे मला त्याबद्दल काही सांगायचं नाही. सांगायचंय ते नोव्हा स्कोशियाबद्दल. तिथे आपल्याकडचं सहसा कुणी जात नाही आणि मीही आपणहून गेले नसते. मला तिथे माझ्या मुलीने नेलं. ती सहल नव्हती, सरळ सरळ लाच होती.

माझी मुलगी मुक्ता किचनरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे किचनर एका इंग्रज सेनापतीच्या नावाचं गाव. त्याआधी त्याचं नाव बर्लिन होतं, पहिल्या महायुद्धात जर्मनीशी वाकडं आलं तेव्हा लोकांनी बदललं. गावांची नावं बदलायची हौस आपल्यालाच आहे असं समजू नये. २०१७च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे गेले, तर विमानतळावरून घरी जाता जाताच तिने विषय काढला.

"आई, सिटिझनशिपची टेस्ट पास झाले. सप्टेंबरमध्ये ओथ आहे."

"कसली ओथ?"

"शपथ गं. की मी राणीशी एकनिष्ठ राहीन, तिच्या वारसांशी, मग कॅनडाचे कायदे पाळीन वगैरे."

"कुठल्या राणीशी?"

"इंग्लंडच्याच. पण इथे तिला कॅनडाची राणी म्हणतात. फॉर्मॅलिटी असते गं ती."

आता माझं माहेर सांगायला हवं. कऱ्हाडच्या खाली, कृष्णाकाठी आमचं गाव. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, बेचाळीस साली शाळा सोडून भूमिगत झाले. पत्री सरकारात होते. तीन वर्षं उसाच्या फडात, मळ्यात, कुणाच्या माळ्यावर काढली. आज त्र्याण्णव वर्षांचे आहेत आणि माझ्या भावाकडे असतात. पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा अजून तेच चढवतात. मुक्ता त्यांच्या मांडीवर वाढली. अशा माणसाची नात हात वर करून इंग्लंडच्या राणीची शपथ घेणार, आणि वर म्हणणार की ही फॉर्मॅलिटी!

मी पस्तीस वर्षं कन्याशाळेत गणित शिकवलं. रोज सकाळी मुलींकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतली. कुणी नुसते ओठ हलवले तर मला शेवटच्या रांगेतूनही कळायचं. शपथ आणि फॉर्मॅलिटी हे दोन शब्द माझ्या डोक्यात एका ओळीत बसत नाहीत. मी सांगून टाकलं, "तुझं आयुष्य आहे, तू घे. पण मी त्या हॉलमध्ये येऊन बसणार नाही. आणि आबांना तूच सांगायचं."

मुक्ता गाडी चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "तू नसशील आणि आबांना माहीत नसेल, तर मी नाही घेणार. डेट कॅन्सल करीन. चोरून घ्यायची नाहीये मला."

म्हणजे चेंडू माझ्याच अंगणात. नऊ वर्षं बर्फ उपसून मिळवलेली गोष्ट माझ्या एका नकारावर अडकली. त्यानंतर महिनाभर आम्ही दोघी भाजी, हवामान आणि जावई निखिलचं घोरणं यांवरच बोलत होतो. मग ऑगस्टच्या शेवटी ती म्हणाली, "आई, आपण दोघीच चार दिवस जाऊन येऊ. टेस्टच्या अभ्यासात एका गावाबद्दल वाचलंय, तुला इंटरेस्टिंग वाटेल." निखिलला ऑफिस होतं. मी भडंगाचा डबा भरला.

हॅलिफॅक्स

टोरांटोहून विमानाने दोन-अडीच तासांत हॅलिफॅक्स. इथे समुद्र हा पूर्वेला आहे, त्यामुळे मला पूर्ण दिवस दिशाभ्रम होत होता. कोकणातला समुद्र डोक्यात बसलेला, सूर्य त्यात बुडायला हवा, इथे तो त्यातून वर येतो.

गाव चढउताराचं, टुमदार. लोक इतके सभ्य की अवघडल्यासारखं होतं. फुटपाथच्या कडेला मी नुसती पदर सावरायला थांबले, तर दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्या. आता एवढ्या जणांना थांबवलंय तर ओलांडावाच म्हणून मी रस्ता ओलांडला. पलीकडे काही काम नव्हतं. परत यायला वळले तर पुन्हा सगळ्या थांबल्या.

देशाला दीडशे वर्षं झाली म्हणून जिकडेतिकडे लाल-पांढरे झेंडे. मी विचारलं, "कुणापासून स्वतंत्र होऊन दीडशे?" मुक्ता म्हणाली, "तसं एकदम स्वतंत्र नाही झाले गं हे. हळूहळू झाले. भांडण न करता."

"भांडण न करता कुणी काही देतं का?"

"हेच तर दाखवायला नेतेय तुला."

लुनेनबर्ग

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने दक्षिणेचा किनारा धरला. रस्ता समुद्राला सोडून जातो आणि पुन्हा येतो. दोन्ही बाजूंना सूचिपर्णी झाडं, मधेच एखादी खाडी, खाडीत एकच होडी. माणूस दिसला तर मी मुक्ताला दाखवायचे.

लुनेनबर्ग हे उतारावरचं लाकडी घरांचं गाव. एक घर लाल, एक पिवळं, एक जांभळं. आपल्याकडे असा रंग लावला तर शेजारी तोंडावर विचारतील. धक्क्यावर एक म्हातारे गृहस्थ पर्यटकांना गावाची गोष्ट सांगत होते, त्यांच्यापाशी आम्ही थांबलो. इथून पुढे इंग्रजी बोलणाऱ्यांचं बोलणं मी मराठीतच देते. माझं इंग्रजी गणितापुरतं आहे, अडेल तिथे मुक्ता होती.

ते म्हणाले, "एके सकाळी अमेरिकन जहाजं आली. माणसं उतरली, दुकानं रिकामी केली, एक घर पेटवलं आणि गेली."

"चाचे होते का?" मी विचारलं.

"आमच्या दृष्टीने चाचेच. पण त्यांच्याकडे परवाना होता. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं ना."

मला गंमत वाटली. शाळेच्या पुस्तकात आम्ही तेरा वसाहती घोकल्या होत्या. तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाविरुद्ध बंड केलं आणि अमेरिका झाली, पाच मार्क. शेजारी आणखीही वसाहती होत्या आणि त्या बंडात आल्याच नाहीत, हे कुणी सांगितलं नव्हतं. नोव्हा स्कोशिया त्यांतली एक. इथले निम्मेअधिक लोक त्या बंडखोर भागातूनच आलेले, त्यांचे भाऊबंद तिकडे राजाशी लढतायत. हे म्हणाले, आम्हाला यात ओढू नका. मग स्वातंत्र्यसैनिकांनी येऊन यांना लुटलं, राजाच्या आरमाराने यांची पोरं पकडून जहाजांवर कामाला जुंपली, आणि शेवटी हे राजाच्याच बाजूला राहिले.

"कुंपणावरचे लोक," मी मुक्ताला मराठीत म्हटलं.

"आई, कुंपण जळत असलं तर?"

हिला वादात मीच तयार केलीय, तक्रार कुणाकडे करणार?

जेवायला लॉबस्टर घेतला. वाढणाऱ्या मुलीने माझ्या गळ्यात लहान बाळासारखं प्लास्टिकचं लाळेरं बांधलं आणि हातात अडकित्ता दिला. मी कृष्णेचे खेकडे दातांनी फोडून खाल्लेली बाई. मला राग आला. अडकित्ता बाजूला ठेवून नांगी दाताखाली धरली तर दाढ कळवळली, आणि मुकाट्याने अडकित्ता घेतला तेव्हा नांगीतलं पाणी थेट शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांच्या चष्म्यावर उडालं. त्यांनीच मला सॉरी म्हटलं. चवीला लॉबस्टर गोडसर असतो. लोण्यात बुडवून खातात. तिखट नाही, लसूण नाही, माझा जीव रश्श्यासाठी तळमळला.

शेलबर्न

संध्याकाळी शेलबर्नला पोहोचलो तर धुकं असं उतरलं होतं की समोरचं घर दिसेना. आम्ही उतरणार होतो ती जागा म्हणजे बार्बरा नावाच्या बाईंचं घर. वरच्या दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात आणि सकाळी न्याहारी करून घालतात. सत्तरीच्या, उंच, विणलेला स्वेटर. ओसरीवर एक झेंडा लावलेला. इंग्लंडचा वाटावा, पण त्यात काहीतरी कमी होतं. धुक्यात नीट दिसलं नाही आणि मीही खोलात गेले नाही.

सकाळी खाली आले तर टेबलावर ब्लूबेरीचे गरम मफिन, ओटच्या जाड बिस्किटांसारखा एक प्रकार, लोणी, मुरांबा. भिंतीवर चौकटीत घराण्याची वंशावळ. मी ती पाहत्येय हे बघून बार्बराबाई खूश झाल्या. "आमचे पूर्वज मॅसॅच्युसेट्सचे," त्या म्हणाल्या. "अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात सर्वस्व गेलं त्यांचं. घर गेलं, जमीन जप्त झाली. मूळपुरुषाला तर तुरुंगात टाकलं होतं. पण त्याने तत्त्व सोडलं नाही."

मला भरून आलं. इतक्या लांब, परमुलखात, आपल्या जातीचं माणूस भेटावं तसं झालं. आमच्याकडे स्वातंत्र्ययुद्ध, जप्ती, तुरुंग आणि तत्त्व हे चार शब्द एका दमात आले की पाचवा शब्द विचारावा लागत नाही, ताम्रपटच डोळ्यांसमोर येतो. मी उठून त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

"माझे वडीलसुद्धा स्वातंत्र्यसैनिक!" मी म्हटलं. "आम्हीही इंग्रजांशी लढलो. तुमचं नि आमचं घराणं एकच!"

मुक्ताने टेबलाखालून मला पाय मारला. बार्बराबाईंचा हात माझ्या हातात तसाच राहिला.

"अहो, नाही," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही दुसऱ्या बाजूचे. राजाच्या."

हे गावच राजाच्या बाजूचं होतं. युद्ध संपलं, तेरा वसाहती जिंकल्या, आणि तिथे राजाशी इमान ठेवणाऱ्यांना राहणं अशक्य झालं. हजारोंनी लोक जहाजांत बसून या किनाऱ्याला लागले. जंगल तोडून त्यांनी रातोरात शहर उभं केलं, आणि काही वर्षांत ते ओसही पडलं, कारण जमीन खडकाळ होती. उरले त्यांच्या वंशजांना अजून त्याचा अभिमान आहे. ओसरीवरचा झेंडा हा इंग्लंडचाच, त्या काळातला, आयर्लंडची तिरपी लाल फुली त्यात यायच्या आधीचा.

मी ओशाळून खाली बसले. माझ्या भाषेत अशा लोकांना एकच शब्द होता, फितूर. तो मफिनच्या घासाबरोबर गिळला. बार्बराबाई मात्र हसत होत्या. म्हणाल्या, "आमच्या मूळपुरुषाला शेजाऱ्यांनी उघडं करून अंगावर गरम डांबर ओतलं होतं. वर पिसं चिकटवली. त्यांना तुम्ही स्वातंत्र्यसैनिक म्हणता. माझी आजी त्यांना टोळकं म्हणायची."

हे ऐकून मी हसले नाही. आबांच्या पत्री सरकारचं नाव लोकांच्या तोंडी का बसलं हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पोलिसांना खबरा देणाऱ्यांच्या तळपायाला पत्र्या ठोकल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी मिटक्या मारीत ऐकल्या. त्या गोष्टीत खबऱ्या ओरडायचा तिथे आम्ही हसायचो. तो पुढे कुठे गेला, त्याची मुलंबाळं होती का, हे मी आयुष्यात पहिल्यांदा शेलबर्नमध्ये मनात आणलं. कुठल्यातरी गावात त्याचीही नात कुणाला तरी आजोबांची गोष्ट सांगत असेल, आणि त्या गोष्टीत आबा टोळक्यात असतील.

"तुमच्या घरातले सगळे एकाच बाजूला होते?" बार्बराबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं.

"सगळे," मी ताठ मानेने सांगितलं.

वातावरण जरा सैल करावं म्हणून मी वरून भडंगाचा डबा आणला. त्यांनी वास घेतला, "सुंदर" म्हणाल्या, खोलगट वाटी आणली, भडंग भरलं आणि आम्ही तोंड उघडायच्या आत त्यावर थंडगार दूध ओतलं. मुरमुरे पाहून त्यांना ते न्याहारीचं धान्य वाटलं. लसूण, मिरची आणि दूध! पण बाई राजनिष्ठांच्या वंशातल्या, माघार कशी घेणार? डोळ्यांतून पाणी काढीत त्यांनी वाटी संपवली.

बर्चटाउन

निघताना बार्बराबाईंनीच सांगितलं, "खाडीच्या पलीकडे बर्चटाउनला जा. आमची गोष्ट तिथे गेल्याशिवाय पुरी होत नाही. तिथे आम्ही फारसे चांगले दिसत नाही, पण जा."

दहा मिनिटांचा रस्ता. एक जुनी शाळा, एक लहानसं पांढरं चर्च, पाण्याकाठी गवत, आणि एक नवं संग्रहालय. तिथे रोझलिन भेटली. पन्नाशीची, काळी, जाडजूड, मोठ्याने बोलणारी. पाच मिनिटांत तिने मला "हनी" करून टाकलं.

"माझे लोकही राजाच्या बाजूचे," ती म्हणाली, आणि माझा चेहरा पाहून हसायलाच लागली. "सगळे असाच चेहरा करतात."

तिचे पूर्वज दक्षिण कॅरोलिनात गुलाम होते. त्यांचा मालक स्वातंत्र्यासाठी राजाशी लढत होता. सगळी माणसं जन्मतः समान असतात असं म्हणणाऱ्यांपैकीच. तो लढायला गेला तेव्हा भात कापायला हे मागे. अशात राजाच्या सेनापतींनी दवंडी पिटली, की बंडखोरांचा जो गुलाम आमच्याकडे पळून येईल तो मोकळा. तिची खापरपणजीची पणजी एक मूल पाठीशी बांधून दलदलीतून पळाली.

"स्वातंत्र्ययुद्धातून," मी म्हटलं.

"स्वातंत्र्ययुद्धातून स्वातंत्र्यासाठी," रोझलिन म्हणाली. "राजावर प्रेम म्हणून नाही, हनी. तिने राजा पाहिलाही नव्हता. दार त्या बाजूला उघडं होतं."

मग ती आम्हाला बाहेर घेऊन गेली. तिथे जमिनीत एक खड्डा आणि त्यावर लाकडी उतरतं छप्पर, बस. मचाणावर पाखरं राखायला बसतो त्या खोपटाहूनही लहान. राजाने जमीन देतो म्हटलं होतं. गोऱ्यांना आधी मिळाली, चांगली मिळाली. यांना उशिरा, थोडी, खडकाची, आणि पुष्कळांना मिळालीच नाही. पहिला हिवाळा असल्या खड्ड्यांत काढला. मी वाकून आत गेले. ऑगस्टमध्ये आत गार लागत होतं. मुक्ताच्या घरी हीटर असून जानेवारीत तिचे ओठ फुटतात, ती फोनवर सांगते तेव्हा मला इकडे झोप येत नाही. इथे पाठीवरचं मूल घेऊन कुणीतरी बर्फात बसलं होतं.

"मग शेलबर्नच्या गोऱ्यांनी आमची घरं पाडली," रोझलिन बाहेरून सांगत होती. "आम्ही कमी मजुरीत काम करतो म्हणून. काही वर्षांनी निम्मे लोक जहाजं करून आफ्रिकेला गेले. माझे राहिले."

मी बाहेर आले. गुडघ्याला माती लागली होती ती झटकता झटकता विचारलं, "शब्द असा मोडला, तरी तुम्ही राणीशी एकनिष्ठ राहायची शपथ घेता?"

"मी कशाला घेऊ? मी इथे जन्मले. जन्मलेल्यांना कुणी विचारत नाही. बाहेरून येणाऱ्यांनाच विचारतात." तिने मुक्ताकडे पाहिलं. "तू घेणार आहेस?"

"आईने ठरवलं तर," मुक्ता म्हणाली.

रोझलिनने माझ्याकडे पाहिलं आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे गेली. मला फार लाज वाटली. चौतीस वर्षांची मुलगी, आणि हे उत्तर तिला द्यावं लागलं.

मी पाण्याकाठी दगडावर बसले आणि भावाला फोन लावला. आपल्याकडे संध्याकाळ होत होती, आबांच्या चहाची वेळ. भावाने फोन त्यांच्या कानाला लावला. मी एका दमात सगळं सांगितलं, शपथ, राणी, सप्टेंबर. पलीकडे बशीतला चहा ओढल्याचा आवाज आला.

"ती राणी आजून हाय व्हय?" आबांनी विचारलं.

"आहे."

"मंग लई म्हातारी आसंल."

"तुमच्याहून दोन वर्षांनी लहान आहे."

"मंग पोरगीच की. तिला काय भ्यायचं?"

"आबा, थट्टा नको. मुक्ता तुम्हाला घाबरतेय. मीही. सगळं घर सरकारच्या विरुद्ध लढलेलं, आणि तिने..."

"सगळं घर?" आबांचा आवाज एकदम चढला. "आसं कोन म्हनलं तुला?"

"म्हणजे?"

"आगं कुंदे, माजं वडील पोलीस पाटील व्हते की! दादा म्हंजे राजाचा मानूस. फौजदार आला की आमच्या वसरीवर जेवायचा. आई पयली भाकरी त्याला वाढायची आन् दुसरी गड्याच्या हातनं मला उसात धाडायची. दादांना म्हाईत न्हवतं व्हय? रोज दोन भाकरी जास्ती जात्यात ते? पाटीलकी सोडली न्हाई त्येंनी, आन् मला धरूनबी दिलं न्हाई. दादा त्या बाजूला नसते तर मी पयल्या म्हयन्यातच घावलो आसतो."

माझे आजोबा पाटील होते हे मला ठाऊक होतं. त्यांचा फेट्यातला फोटो माहेरी सोप्यावर आहे. पण आमच्याकडे पाटील म्हणजे मान, त्या पाटलाला पगार कोण देत होतं हा प्रश्न आमच्या घरात कुणी कधी विचारला नाही. आबांच्या गोष्टी सत्तर वर्षं सांगितल्या गेल्या. आजोबांची एकही नाही. बार्बराबाईंच्या टेबलाशी बसून मी "सगळे" म्हटलं ते खोटं होतं, आणि मला ते खोटं आहे हेही माहीत नव्हतं.

"मग मी काय सांगू तिला?" मी विचारलं.

"मला काय इचारती? मी बेचाळीसला गेलो तवा दादांना इचारून गेलो व्हतो का? इचारत बसलो आसतो तर आजून इचारतच आसतो." पुन्हा चहाचा आवाज. "तिला म्हनावं, घ्यायची आसंल तर मोठ्यानं घे. पुटपुटायचं न्हाई. पुटपुटलेली शपथ कुनाच्याच कामाची न्हाई."

मुक्ता गवतात चपला काढून उभी होती. तिला मी आबांचा निरोप शब्दाला शब्द सांगितला. ती रडायला लागली आणि रडता रडता म्हणाली, "आणि तू?" मी म्हटलं, "मी येते. बाकीचं तिथे बघू." परतीच्या वाटेवर आम्ही पुन्हा बोलायला लागलो, भाजीशिवायच्या गोष्टींवर.

किचनर

सप्टेंबरातली ती सकाळ. सरकारी इमारतीतला साधा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, पुढे दोन झेंडे आणि मधोमध राणीचा फोटो. शपथ घेणारे पुढच्या रांगांत, घरचे मागे. सूट घातलेला सोमाली गृहस्थ, पोटाशी बाळ बांधलेली फिलिपिनो मुलगी, रेशमी पगडीतले दोन शीख भाऊ. मुक्ताने नारायणपेठ नेसली होती. तिला निऱ्या मीच घालून दिल्या. निखिल फोटो काढत होता. फोटोतली राणी खरंच आजीबाई दिसत होती. तिच्याशी माझं आता काही वैर उरलं नव्हतं, पण मैत्रीही नव्हती.

शपथ देणाऱ्या बाईंनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. मी उभी राहिले. उजवे हात वर गेले. बाईंनी एकेक तुकडा म्हणायचा आणि पुढच्या रांगांनी मागून म्हणायचं, आधी इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये. निम्मे लोक ओठ हलवत होते. माझ्या कानाला ते लगेच कळलं. त्या कुजबुजीतून एक आवाज अगदी स्वच्छ, वर येत होता. राणीचं नाव आलं तेव्हाही तो खाली गेला नाही. मी तो आवाज पाळण्यापासून ओळखते. मला हुंदका आला. लेक दुसऱ्या देशाची होत होती याचं दुःख होतंच, आणि इतक्या ठणठणीत आवाजात होत होती याचा अभिमानही होता.

मग त्या बाई म्हणाल्या, आता पुन्हा एकदा म्हणू या, पाहुण्यांपैकी कुणाला म्हणायची असेल तर त्यांनीही म्हणावी. माझ्या शेजारची म्हातारी म्हणू लागली, तिच्या पलीकडचे म्हणू लागले.

बाहेर पार्किंगमध्ये आल्यावर आबांना फोन लावला. आबा वाटच पाहत होते.

"झालं? मोठ्यानं म्हनली?"

"शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू आलं, आबा."

"ब्येस. आता मतदान चुकवायचं न्हाई म्हनावं." मग म्हणाले, "आन् तू काय केलंस?"

"उभी राहिले."

"आन् तोंड?"

"बंद."

पलीकडे आबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारल्याचा आवाज आला.

"ब्येस केलंस. घरात दोन्ही बाजू लागत्यात."

मुक्ता माझा हात हलवून विचारत होती, काय म्हणाले, आई, काय म्हणाले? मी फोन तिच्याच कानाला लावला.